मूळव्याध म्हणून कोंब काढला, रिपोर्टात मेलानोमा आला

प्रश्न : बाबा ६४ वर्षांचे. आठ महिने संडासवाटे रक्त जायचं. मूळव्याध म्हणून मलमं झाली, काढे झाले, शेवटी ऑपरेशन करून कोंब काढला. तपासणीत ‘मेलानोमा’ आला. एक सर्जन म्हणतात, गुदद्वारच काढून संडाससाठी पोटावर कायमची पिशवी लावू. दुसरे म्हणतात, गाठीची जागा तेवढी काढू. बाबा म्हणतात, ‘पिशवी लावायची असेल तर मला हात लावू नका.’ काय करावं?
— एक वाचक, धायरी, पुणे

उत्तर : ताई, बाबांचं वाक्य मी दोनदा वाचलं. त्यांना आधी सांगा, दुसऱ्या सर्जननी सुचवलेली वाट कच्ची नाही.

मेलानोमा हा रंगपेशींचा कॅन्सर; बहुधा त्वचेचा, खालोखाल डोळ्यातला. गुदमार्गात तो फार क्वचित होतो आणि मूळव्याध म्हणून खपून जातो. काळपट गाठ जांभळासारखी दिसते, रक्त साकळलेला कोंबच वाटतो. काही गाठींना तर रंगच नसतो. म्हणून काढलेला प्रत्येक कोंब, कितीही साधा दिसो, मी पॅथॉलॉजीला पाठवतो. बाबांचा पाठवला गेला, हे फार बरं झालं.

आता त्या लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या. ब्लॉक म्हणजे काढलेला तुकडा बसवलेला, बोटाच्या पेराएवढा मेणाचा ठोकळा, जपून ठेवा. कॅन्सरचं काम रोज पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून एस-१००, एचएमबी-४५, मेलान-ए हे मेलानोमाची ओळख पटवणारे मार्कर पक्के करून घ्या. औषध ठरवायला लागणारी केआयटी जनुकाची चाचणीही त्याच ठोकळ्यावर होते. मग आजार कुठवर गेलाय ते पाहायला ओटीपोटाचा एमआरआय आणि पेट-सीटी. जांघेतल्या लसिका गाठीही तपासायला सांगा.

पिशवीचं मोठं ऑपरेशन माइल्स या इंग्रज सर्जननी १९०८ साली मांडलं, ते गुदाशयाच्या नेहमीच्या कॅन्सरसाठी. मेलानोमा मात्र लवकर दूर पसरतो. मोठ्या ऑपरेशननंतर तो त्याच जागी उलटण्याचं प्रमाण कमी दिसतं, पण त्यानं आयुष्य वाढतं असं आजवरच्या बहुतेक तुलनांत दिसलेलं नाही. म्हणून कडेच्या निरोगी भागासकट ती जागा निघत असेल, तर मी लहान ऑपरेशनच्या बाजूचा. गाठ गुदद्वार आवळून धरणाऱ्या स्नायूत शिरली असेल, तर मात्र पिशवी टाळू नये. पिशवी असलेले माझे एक पेशंट रोज पर्वतीच्या पायऱ्या चढतात; बाबांची हरकत नसेल तर त्यांच्याशी बोलणं करून देतो.

ऑपरेशनची तारीख घेण्याआधीच मेडिकल ऑन्कॉलॉजिस्टना, म्हणजे कॅन्सरवर औषधं देणाऱ्या डॉक्टरांना, भेटून इम्युनोथेरपीचं (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध कामाला लावणाऱ्या औषधांचं) विचारा. आणि एमआरआय हातात आला की दोन्ही सर्जनना विचारा, ‘स्नायू सुटा आहे का?’ विचाराल तेव्हा बाबांना शेजारी बसवा.