फोटोत विटकरी, घडीत डाळिंबी

प्रश्न : येवल्यात आमचं पैठणीचं दुकान आहे. साड्यांचे फोटो पुतण्या काढतो. मग साडी मॉनिटरशेजारी धरून, रंग जुळेपर्यंत फोटोत दुरुस्ती करतो. कधी मॉनिटरचीच बटणं फिरवतो. तरी गेल्या महिन्यात ठाण्याच्या एका ताईंनी साडी परत पाठवली. ‘फोटोत विटकरी होती, ही तर डाळिंबी आहे,’ म्हणाल्या. आमच्या स्क्रीनवर ती डाळिंबीच दिसते! भारी मॉनिटर घ्यावा का?

उत्तर : दादा, मॉनिटर एवढ्यात घेऊ नका. डाळिंबीची विटकरी कशी झाली असेल, ते तुमच्या पत्रातच आहे. बरेचसे नवे मॉनिटर निळसर आणि भगभगीत लावलेले येतात. अशा स्क्रीनवर डाळिंबी जरा जांभळटच दिसणार. पुतण्याने साडी शेजारी धरली, फोटोत पिवळा वाढवला आणि रंग जुळवला. जुळला तो फक्त तुमच्या स्क्रीनवर. वाढवलेला पिवळा मात्र फोटोबरोबर ठाण्याला गेला. बटणांचं याच्या उलट. ती फिरवली की फोटोत काहीच बदलत नाही, फक्त तुमची स्क्रीन बदलते. आणि डाळिंबीसाठी फिरवलेली बटणं पुढच्या मोरपंखीची वाट लावतात.

म्हणून स्क्रीन साडीशी जुळवायची नाही. पांढरा पांढराच आणि करडा करडाच दिसेल, अशी ती लावायची. हे डोळ्यांवर सोडता येत नाही. निळसर पांढऱ्यासमोर थोडा वेळ बसलं की डोळा त्यालाच पांढरा मानायला लागतो. पुण्यात छापखान्यांसाठी रंगदुरुस्तीचं काम मी सव्वीस वर्षं केलं. सुरुवातीला माझ्या पाठीमागच्या खिडकीला केशरी पडदा होता. त्याची झाक काचेवर पडायची, मला ती कधी जाणवली नाही. एका मासिकाच्या मुखपृष्ठावरच्या बाईंचा चेहरा ‘फार तांबूस दिसतोय’ म्हणून मी त्यातला तांबडा कमी करत गेले, आणि छापून आला तो निळसर, आजारी. पाच हजार प्रती. तो चेहरा अजून डोळ्यांपुढे येतो. दुसऱ्याच दिवशी खिडकीला राखाडी कापड लावलं. आजही स्क्रीनसमोर बसताना मी भडक कपडे घालत नाही.

आता तुमचं काम. मॉनिटर अर्धा तास आधी चालू करून ठेवा. संध्याकाळी स्क्रीन पिवळी करणारी ‘नाइट लाइट’ची सोय बंद करा. मॉनिटरच्या मेनूत एसआरजीबी (रंगांचा ठरलेला आवाका) किंवा ६५०० केल्व्हिन (दिवसाच्या उजेडासारखा पांढरा) हा पर्याय असेल तर तो निवडा. स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडून शेजारी कागद धरा. स्क्रीन दिव्यासारखी वाटली तर तिचा उजेड उतरवा. मग लागेल कलरीमीटर. हे लहानसं यंत्र काचेवर टेकवून ठेवायचं. सॉफ्टवेअर एकामागून एक रंगाचे चौकोन दाखवतं, यंत्र ते मोजतं, आणि फरक भरून काढणारी प्रोफाइल संगणकात बसते. सॉफ्टवेअर विचारेल तिथे ६५०० केल्व्हिन, गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात याचं माप) २.२ आणि उजेड चौरस मीटरला १२० कँडेला द्या. डिस्प्लेकॅल हे सॉफ्टवेअर फुकट आहे. यंत्र विकत घेण्याआधी ओळखीच्या फोटोग्राफरकडे दोन तासांसाठी मिळतंय का विचारा. एकदा मोजलं की बटणांना हात लावायचा नाही. महिन्याभराने पुन्हा मोजा.

पण निम्मं काम फोटो काढतानाच होतं. ट्यूबलाइट आणि दारातला उजेड एकत्र होऊ देऊ नका. पहिल्या फोटोत साडीवर करडं कार्ड ठेवा, त्यावरून व्हाइट बॅलन्स, म्हणजे करडा करडाच दिसेल अशी रंगांची जुळवणी, लावा आणि त्या उजेडातल्या सगळ्या फोटोंना तोच द्या. फोटो एसआरजीबीत जतन करा. ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये मांडलेला हा रंगांचा आवाका साधे फोनही धरून चालतात. झळाळता राणी रंग त्याच्या बाहेर जातो, स्क्रीनवर थोडा निवतोच. पुतण्याला तो ओढूनताणून भडक करू देऊ नका.

आणि धूपछाव! ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. साडी हलली की रंग फिरतो. पैठणीचं निम्मं सुख तिथे आहे, आणि ते एका फोटोत मावत नाही. दोन बाजूंनी दोन फोटो द्या, खाली ताण्याचा आणि बाण्याचा रंग शब्दांत लिहा. ‘डाळिंबी’ हा शब्द कुठल्याही फोनवर डाळिंबीच राहतो. तो फोटोखाली असता तर ताईंनी आधी तुम्हाला विचारलं असतं.

त्यांची परत आलेली साडीच पहिली घ्या. यंत्राने मोजलेल्या स्क्रीनवर जुना फोटो उघडलात की त्या काय पाहत होत्या ते तुम्हालाही दिसेल. मग नवा फोटो काढून त्यांना पाठवा, आणि खरी विटकरी दुकानात असेल तर तिचाही.