गर्भवतीचा आहार आणि बाळाचे जावळ : वाचकांच्या शंका

प्रश्न : मला सातवा महिना सुरू आहे. रात्री छातीत फार जळजळते. सासूबाई म्हणतात, बाळाला दाट जावळ आहे म्हणून जळजळते, औषध घेऊ नकोस. हे खरे आहे का? (सांगली)

उत्तर : सासूबाईंचे म्हणणे अगदीच हसण्यावारी नेण्यासारखे नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी ६४ गर्भवतींचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात मध्यम किंवा तीव्र जळजळ होणाऱ्या २८ जणींपैकी २३ जणींच्या बाळांना सरासरीइतके किंवा त्याहून अधिक केस आढळले. मात्र बाळाचे केस आईच्या जठराला टोचतात, असा याचा अर्थ नाही. बाळ गर्भाशयात असते, जठरात नव्हे. गरोदरपणात वाढणाऱ्या संप्रेरकांमुळे (हार्मोन्समुळे) अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेली झडप सैल पडून आम्ल वर येते, आणि त्याच संप्रेरकांचा बाळाच्या केसांच्या वाढीशीही संबंध असावा, असा त्या संशोधकांचा तर्क होता. अभ्यास लहान आहे, त्यामुळे जळजळ नसलेल्या आईने बाळ टकले होईल म्हणून खट्टू होऊ नये.

औषध न घेण्याचा सल्ला मात्र मानू नका. थोडे थोडे व वारंवार खावे, रात्रीचे जेवण झोपण्यापूर्वी दोन-तीन तास उरकावे, उशाकडची बाजू उंच ठेवावी आणि एवढ्याने भागले नाही तर डॉक्टरांना विचारून आम्लनाशक घ्यावे. ते व लोहाची गोळी एकाच वेळी घेऊ नये.

प्रश्न : ओले खोबरे, काळे तीळ आणि हालीव रोज खाल्ल्यास बाळाचे केस काळेभोर होतात का? (नाशिक)

उत्तर : केसांचा रंग, पोत आणि दाटपणा मुख्यतः आईवडिलांकडून येतो. केसांची मुळे साधारण तिसऱ्या महिन्यापासून तयार होऊ लागतात व सहाव्या महिन्याच्या आसपास त्यांची संख्या ठरून जाते. नंतर खोबऱ्याच्या कितीही वाट्या रिचवल्या तरी ती वाढत नाही. तीळ-खोबरे बेताने जरूर खा. हालीव आपल्याकडे बाळंतिणीसाठी राखून ठेवतात, तेच बरे.

मला खरी काळजी वाटते ती आईच्या रक्ताची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ५२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय आहे. म्हणून चौथ्या महिन्यापासून सरकारी आरोग्य केंद्रात मिळणारी, ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली गोळी किमान १८० दिवस रोज घ्यावी. ही गोळी घेतल्यावर शौचाचा रंग काळा होतो, त्याने घाबरून ती बंद करणाऱ्या अनेकजणी मी पाहिल्या आहेत. तसे करू नये. जेवणात डाळ-उसळ, पालेभाजी, बाजरी-नाचणी असावी, वर लिंबू पिळावे, कारण त्यातील क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. जेवणानंतर लगेच चहा घेतल्यास नेमके उलटे होते. मांसाहारी असाल तर अंडी, मासे व पूर्ण शिजवलेले मटण उत्तम; कलेजी मात्र टाळलेली बरी, कारण तिच्यातील अ जीवनसत्त्वाचा अतिरेक गर्भाला घातक ठरू शकतो.

प्रश्न : बाळाच्या केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घ्याव्यात का? (ठाणे)

उत्तर : नाही. अंडे, दाणे व डाळींतून हे ब गटातील जीवनसत्त्व पुरेसे मिळते, आणि जास्त मात्रेच्या गोळ्यांमुळे थायरॉइडसारख्या काही रक्तचाचण्यांचे निकाल चुकू शकतात.

प्रश्न : बाळ तीन महिन्यांचे आहे. डोक्याच्या मागचे केस गळून टक्कल पडले आहे. गरोदरपणात माझ्या खाण्यात काही कमी पडले का? जावळ काढल्यावर केस दाट येतात ना? (कोल्हापूर)

उत्तर : आपल्या खाण्याचा याच्याशी संबंध नाही. जन्मतः असलेले केस पहिल्या काही महिन्यांत गळतातच, आणि पाठीवर झोपणाऱ्या बाळाच्या डोक्याच्या मागे ते अधिक दिसते. बाळाला पाठीवर झोपवणेच सुरक्षित आहे, त्यामुळे केसांसाठी त्याला पालथे झोपवू नका. जावळ काढल्याने मुळांमध्ये काहीच बदल होत नाही. कापलेल्या केसांची टोके बोथट असल्याने नवे केस राठ व दाट भासतात, इतकेच. जावळाचा विधी आनंदाने करा, पण बाळाने मान पक्की धरल्यावर, आणि न्हाव्याला नवे पाते वापरायला सांगून.