धुळ्याच्या थंडीत सोनटक्का आणि शोभेचं लाल आलं बाहेर जमिनीत टिकेल का?

सोनटक्का टिकेल. लाल आलं नाही.

डिसेंबरात पानं करपली म्हणून तुम्ही सोनटक्क्याची कुंडी घरात नेऊन ठेवलीत, असं लिहिलंय. काढा ती बाहेर. धुळ्यात थंडीची लाट आली की पारा ५-६ अंशांवर उतरतो खरा, पण पहाटेचे काही तासच. दुपारी ऊन असतं, त्यामुळे जमीन आतून तेवढी गार पडत नाही. आणि सोनटक्क्याचा जीव गड्ड्यात असतो, पानात नाही. इंग्लंडात तर हिमालयातली पिवळ्या फुलांची त्याची बहीण उघड्यावर ठेवतात. वरचा भाग थंडीने गेला की गड्ड्यांवर पाल्याचा जाड थर टाकायचा, झालं. (ती पिवळी मागवायचा मोह मात्र नको. न्यूझीलंडच्या जंगलात ती तण म्हणून माजली आहे, आपल्या मे महिन्यात टिकायची नाही.)

हिवाळ्यात गड्डा मरतो तो बहुधा साचलेल्या ओलीने. आपली काळी भुई पाणी धरून ठेवते, झाड तर गारठ्यात पाणी पीत नाही, मग गड्डा सडतो. गादीवाफा करून त्यात शेणखत आणि थोडी वाळू मिसळा. गड्डा आडवा, दोन-तीन बोटं खोल लावा, वर केळीचा वाळका पाला किंवा उसाचं पाचट. थंडीत पाणी बेताचंच. हिरवी पानं उगाच कापू नका. फुलून गेलेला दांडा मात्र बुडापासून काढा, त्याला पुन्हा फूल येत नाही.

लाल आलं आणि टॉर्च जिंजर ही बारमाही हिरवी, दमट उष्ण भागातली झाडं. १० अंशांखाली ती कुढतात. हौसच असेल तर कुंडीत लावा, थंडीत आत घ्या. पिवळ्या पट्ट्यांच्या पानांचं शेल जिंजर जमिनीत जगतं, पण त्याला फूल मागच्या वर्षीच्या दांड्यावर येतं. थंडीने दांडे गेले तर त्या वर्षी नुसती पानं बघायची. शोभेची गुलाबी हळद सगळ्यांत बिनघोर: हिवाळ्यात स्वतःच वाळून झोपते. तेव्हा तिचं पाणी पूर्ण तोडा, पावसाच्या तोंडावर कोंब येतात.

खरं सांगू का, खानदेशात या झाडांची परीक्षा थंडीत नसतेच, ती एप्रिल-मेमध्ये असते. ४४-४५ अंश आणि वर कोरड्या झळा! पश्चिमेच्या भिंतीलगत लावलंत तर पानं कागदासारखी वाजतील. पूर्वेला, सकाळचं ऊन आणि दुपारी सावली मिळेल अशी जागा बघा. परसात केळी असतील तर त्यांच्या आडोशाला. उन्हाळाभर माती ओलसर राहिली पाहिजे. एवढं जमलं तर पावसाळ्यात, श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास फुलं यायला लागतील.

गड्डे ऑनलाइन मागवू नका, वाटेत सुकून येतात. ज्यांच्याकडे सोनटक्का आहे त्यांना जूनमध्ये मागा. त्यांच्याकडे तो इतका पसरलेला असतो की खुशीने देतील.