टेक्स-मेक्स पिझ्झा: साल्सा बेसवरून काढा, बाकीचं जमून येईल

तुम्ही लिहिलंय की बाटलीतला साल्सा बेसला लावला, त्यावर राजमा, मका, सिमला मिरची, टोमॅटो, अ‍ॅव्होकाडो आणि भरपूर चीज घालून भाजलं. तरी मधला भाग गिच्च राहिला आणि चव नेहमीच्या पिझ्झ्यावर मिरच्या टाकल्यासारखीच आली. आता चौघांच्या रात्रीच्या जेवणाला पुन्हा करायचाय आणि घरचा ओव्हन २५० अंशांच्या वर जात नाही.

२५० अंश भरपूर झाले, ओव्हनचा काही दोष नाही. तुमच्या दोन्ही तक्रारी साल्सापासून सुरू होतात. साल्सा हा चिप्स बुडवून खायचा प्रकार, त्यात पाणीच जास्त. ते पाणी उडून गेल्याशिवाय त्याच्याखालची कणीक नीट भाजत नाही, आणि तोवर कडा करपायला लागतात. शिवाय साल्साची सगळी मजा त्याच्या कच्चेपणात आहे: लिंबाचा आंबटपणा, कांद्याचा झणका, ताजी कोथिंबीर. ओव्हनमध्ये ते सगळं जातं आणि उरतो शिजलेला टोमॅटो, म्हणजे साधा पिझ्झा सॉसच. त्यामुळे साल्सा बेसवरून उचला आणि टेबलावर ठेवा. बेसला काय लावायचं हा खरा प्रश्न.

टेक्सास आणि मेक्सिकोच्या सीमाभागात वाढलेल्या या स्वयंपाकाची ओळख जिरं, सुकी लाल मिरची, घोटलेले बीन्स आणि पिवळं चेडर यांच्यात आहे. मेक्सिकोच्या बऱ्याच भागांत जिरं बेताने घालतात, टेक्सासमध्ये मात्र हात सढळ. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत १७३१ मध्ये कॅनरी बेटांवरून आलेल्या कुटुंबांना त्याचं श्रेय देण्याची पद्धत आहे. पुढे त्याच शहराच्या चौकांत बायका मोठमोठ्या भांड्यांतून चिली कॉन कार्ने, म्हणजे मिरचीच्या रश्शात शिजवलेलं मांस, विकायच्या. मग १८९० च्या दशकात टेक्सासमधल्याच न्यू ब्राउनफेल्समध्ये विल्यम गेबहार्ट या जर्मन स्थलांतरिताने मिरची आणि मसाले एकत्र दळून ती पूड विकायला सुरुवात केली, आणि ही चव बाटलीत बंद होऊन घरोघरी पोचली. हे सांगायचं कारण असं की तुमच्या पिझ्झ्यात नेमकी हीच पूड नव्हती.

इथे एक गोष्ट फार जपून वाचा. अमेरिकन पाककृतीत ‘दोन मोठे चमचे चिली पावडर’ असं लिहिलेलं असतं ते आपलं तिखट नव्हे. तो मसाला आहे: सौम्य मिरची, जिरं, ओरेगॅनो, लसूण. तेवढं निव्वळ तिखट घातलं तर पिझ्झा तोंडात धरवणार नाही, आणि त्या भीतीने अर्धा चमचाच घातला तर चवच लागणार नाही. घरी करायचा तर आंचो मिरचीची पूड किंवा गोड पॅप्रिका दोन मोठे चमचे, भाजलेल्या जिऱ्याची पूड दोन छोटे चमचे, सुका ओरेगॅनो आणि लसूण पावडर एकेक छोटा चमचा, आणि झेपेल तेवढं तिखट, पाव चमच्यापासून सुरू करा. आंचो म्हणजे सुकवलेली पोब्लानो मिरची. तिखट कमी, रंग गडद, चवीला किंचित मनुकांसारखी गोडसर. थोडी चिपोटले, म्हणजे धुरावून सुकवलेली हालापेन्यो मिरची, मिळाली तर तीही घाला, धुराचा वास या पिझ्झ्याला शोभतो. मेक्सिकन ओरेगॅनो मिळाला तर घ्याच. ती नेहमीच्या ओरेगॅनोपेक्षा वेगळ्या कुळातली वनस्पती आहे आणि तिला लिंबाकडे झुकणारा वास असतो. जिरं मात्र त्याच दिवशी भाजून कुटा. डब्यात पडून राहिलेल्या जिरेपुडीने इथे काम भागत नाही, कारण हा सगळा पिझ्झा जिऱ्याच्या वासावर उभा आहे.

आता बेसचा थर. दोन पिझ्झे होणार आहेत तर माझा सल्ला असा, की एकाला बीन्स लावा आणि दुसऱ्याला चिली ग्रेव्ही. दोन्ही एकाच बेसवर थापू नका, जड होतं आणि खालची कणीक कच्ची राहते.

चिली ग्रेव्ही म्हणजे टेक्सासमधल्या उपाहारगृहांत एन्चिलाडांवर (सारण भरून गुंडाळलेल्या टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकन पातळ पोळ्यांवर) ओततात तो तपकिरी-लाल रस्सा. पिझ्झ्यावर तो फारसा कोणी लावत नाही याचं मला आश्चर्य वाटतं, कारण टोमॅटोचा अंश नसल्याने पहिल्या घासातच चव वेगळी लागते. दोन मोठे चमचे तेलात दोन मोठे चमचे मैदा मंद आचेवर बिस्किटाच्या रंगावर परता. वरचा मसाला दीड मोठा चमचा घालून वीस-तीस सेकंदच हलवा, मिरची करपली की ग्रेव्ही कडू होते आणि ती मग सुधारत नाही. लगेच पाव लिटर पाणी किंवा स्टॉक थोडा थोडा ओतत घोटा, मीठ घाला आणि आठ-दहा मिनिटं उकळू द्या. चमच्याच्या पाठीवर बोट ओढल्यावर रेघ तशीच राहिली की झाली. पिझ्झ्यासाठी ती एन्चिलाडांपेक्षा घट्टच हवी. एका ३० सेंटिमीटरच्या पिझ्झ्याला तीन मोठे चमचे पुरतात. उरलेली फ्रीझरमध्ये ठेवा, ती छान टिकते.

या ग्रेव्हीच्या पिझ्झ्यावर खिमा उत्तम लागतो. दीडशे ग्रॅम पुरे. तो रुंद तव्यावर, झाकण न ठेवता, मोठ्या आचेवर परता. आधी पाणी सुटेल आणि तो रटरटेल. आवाज बदलून चुरचुरायला लागला की पाणी संपलं असं समजा. बरेच जण रटरटण्याच्या टप्प्यावरच गॅस बंद करतात आणि तेच पाणी मग पिझ्झ्यावर जातं. सुटलेली चरबी ओतून टाका, एक चमचा मसाला आणि चमचाभर ग्रेव्ही घालून कोरडा होईपर्यंत हलवा. खिमा पूर्ण शिजलेलाच ओव्हनमध्ये गेला पाहिजे, पिझ्झ्याच्या वेळात कच्चं मांस शिजेल या भरवशावर राहू नका.

बीन्सवाल्या पिझ्झ्याला टेक्सासमध्ये पिंटो (तपकिरी ठिपक्यांचे बीन्स) वापरतात. काळे बीन्स किंवा तुमच्याकडचा राजमाही चालेल. डब्यातले असतील तर निथळून, धुऊन घ्या. कोरडा राजमा असेल तर रात्रभर भिजवा, ते पाणी फेका आणि ताज्या पाण्यात आधी निदान दहा मिनिटं खळखळून उकळा, मग मऊ शिजवा. कच्च्या राजम्यातलं विषारी द्रव्य नुसत्या मंद आचेवर जात नाही, म्हणून ही उकळी चुकवू नका. मग तेलात बारीक कांदा, लसूण आणि जिरेपूड परतून त्यात बीन्स घाला आणि तव्यातच रगडा. अगदी गुळगुळीत करायची गरज नाही, मधे मधे अर्धे दाणे राहू देत. उलथनं तव्याच्या तळावरून ओढा: मागे पडलेली वाट लगेच भरून आली तर अजून आटवा, वाट तशीच उघडी राहिली तर गॅस बंद. असे आटवलेले बीन्स बेसवर अगदी पातळ पसरा, कणीक जेमतेम झाकेल इतके. मग वरच्या भाज्यांचं पाणी खाली कणकेपर्यंत सहज पोचत नाही. तुमचे बीन्स अख्खे होते, म्हणून ते वर घरंगळत राहिले आणि कोरडे पडले.

कणकेत मी थोडं मक्याचं पीठ घालते. ३२० ग्रॅम मैदा, ४० ग्रॅम बारीक मक्याचं पीठ (पांढरं कॉर्नफ्लोर नव्हे), २३५ मिलिलिटर पाणी, ७ ग्रॅम मीठ, २ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, एक मोठा चमचा तेल. मक्यात ग्लुटेन नसतं, त्यामुळे याहून जास्त घातलं तर कणीक ताणताना फाटते, पण इतक्याने खालची बाजू खुसखुशीत होते आणि टॉर्टियाची आठवण करून देणारा वास येतो. एकत्र करून वीस मिनिटं झाकून ठेवा, मग पाचेक मिनिटं मळा, तासभर बाहेर आणि मग रात्रभर फ्रिजमध्ये. तीनशे-तीनशे ग्रॅमचे दोन गोळे होतात. जेवणाच्या दोनेक तास आधी बाहेर काढा, गार कणीक ताणायला गेलं की ती आखडते.

चीजबद्दल. नुसतं चेडर घालू नका. जुनं, मुरलेलं चेडर तर मुळीच नको, कडक आचेला त्याचं तेल सुटतं आणि वर थारोळी साचतात. एक भाग कोवळं चेडर आणि दोन भाग मॉन्टरे जॅक (सौम्य, सहज वितळणारं अमेरिकन चीज) घ्या. जॅक न मिळाल्यास कमी पाण्याचं मोझरेला. एका पिझ्झ्याला सव्वाशे ग्रॅम पुष्कळ झालं. ‘भरपूर चीज’ हेही ओलसरपणाचं एक कारण असतं. तयार किसलेल्या चीजला चिकटू नये म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं, त्यामुळे ते नीट वितळत नाही. किसणी हाताशी ठेवा.

भाज्यांचा नियम एकच: ओव्हनमध्ये जाणारी प्रत्येक गोष्ट आधी तव्यावर पाणी सोडून आलेली असावी. मक्याचे दाणे कोरड्या तापल्या तव्यावर काळे ठिपके पडेपर्यंत भाजा. सिमला मिरची आणि कांद्याचे लांब काप मोठ्या आचेवर पटकन परता, कडा करपल्या तर उत्तम, फहितांच्या (मोठ्या आचेवर भाजलेल्या मांस-भाज्यांच्या कापांच्या) तव्याची चव तीच. व्हिनेगरमध्ये मुरवलेली हालापेन्यो निथळून कागदाने टिपून घ्या. ही तेवढी सोडू नका. १९४० च्या दशकात मेक्सिकोच्या सीमेवरच्या पिएद्रास नेग्रास शहरात इग्नासियो आनाया यांनी तळलेल्या टॉर्टियावर चीज आणि मुरवलेल्या हालापेन्यो घालून पहिले नाचोज केले, तेव्हापासून पिवळं चीज आणि आंबट मिरची ही जोडी पक्की आहे. चीजच्या जडपणाला ताजी मिरची छेद देत नाही, व्हिनेगर देतं.

भाजताना ओव्हन पूर्ण २५० वर आणि आत खालच्या कप्प्यात पिझ्झा स्टोन, स्टील किंवा जाड ट्रे उलटा घालून पाऊण तास तापवा. ओव्हनचा दिवा विझला म्हणजे हवा तापली, ट्रे तापायला अजून वेळ लागतो. बेस बेकिंग पेपरवर ताणा, थर पसरा आणि आधी एवढंच चार मिनिटं भाजा. मग बाहेर काढून चीज, भाज्या किंवा खिमा घाला आणि आणखी सहा-आठ मिनिटं. उलथन्याने कड उचलून खाली बघा. फक्त वरच्या रंगावर जाऊ नका, तळाला तपकिरी ठिपके दिसेपर्यंत ठेवा. चीज आधीच लाल व्हायला लागलं तर पिझ्झा आणखी खाली सरकवा.

मग दोन मिनिटं जाळीवर राहू द्या आणि आता गार गोष्टींची पाळी. अ‍ॅव्होकाडो ओव्हनमध्ये कडवट होतो, तो इथेच, लिंबू पिळून. टोमॅटोच्या बिया काढून बारीक चिरा, मीठ लावून पंधरा मिनिटं गाळणीत ठेवा, मग कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची आणि लिंबू घालून वर पेरा. आंबट साय (सॉर क्रीम) लिंबाच्या रसाने सैल करून रेघांनी सोडा. मूठभर टॉर्टिया चिप्स हाताने चुरडून अगदी शेवटी, ताट पुढे जाताना. गरम चीजवर थंड आंबट टोमॅटो आणि कुरकुरीत चिप्स एका घासात आले की तुम्हाला हवी होती ती चव मिळेल. लिंबाच्या फोडी प्रत्येकाच्या ताटात द्याच.

चौघांसाठी दोन पिझ्झे एकापाठोपाठ भाजावे लागतील. पहिला बाहेर येताच दुसऱ्याचा बेस आत टाका, पहिल्यावर गार गोष्टी घालून कापून सगळ्यांनी मिळून खा, तोवर दुसरा होतो. पहिला ठेवून वाट बघत बसू नका, वरचं टोमॅटो-अ‍ॅव्होकाडो पाणी सोडायला लागतं. कणीक, ग्रेव्ही आणि बीन्स आदल्या दिवशी करून ठेवले तर त्या संध्याकाळी ओव्हन तापायला लागणाऱ्या वेळातच भाज्या परतून होतात.

कणकेला वेळच नसेल तर मैद्याचे दोन टॉर्टिया घ्या, मधे थोडं चीज घालून एकमेकांना चिकटवा आणि जाड तव्यावर दोन्ही बाजूंनी कडक करा. वर बीन्सचा पातळ हात, थोडं चीज, भाज्या, आणि २२० अंशांवर सहा-सात मिनिटं. हा पिझ्झा हातात धरण्याइतका कडक होतो आणि त्यावर ओझं कमीच ठेवावं लागतं. लहान मुलं असतील तर त्यांच्यासाठी हाच सोपा, कारण प्रत्येकाचा वेगळा करता येतो आणि हालापेन्यो कोणाच्या वाट्याला किती, हे तुमच्या हातात राहतं.