तापात पॅरासिटामॉल देऊ की नको? डिचोलीच्या एका आईची रात्र

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या रात्री साडेअकराला फोन. गोव्यातल्या डिचोलीची आई, मुलगा चार वर्षांचा, नेफ्रोटिक सिंड्रोम (किडनीतून लघवीत प्रथिनं जातात, अंगावर सूज येते, पोटात पाणी साचतं), त्यासाठी स्टेरॉईड चालू. घरात माटोळी, गणपतीवरची फळापानांची सजावट, बांधणं चाललंय आणि पोर 102 तापाने फणफणलंय. पहिलाच प्रश्न, "ताई, पॅरासिटामॉल दिलं तर किडनी जाईल का हो?"

हा प्रश्न मला सारखा येतो. कोणीतरी सांगितलेलं असतं, किडनीवाल्याला पेनकिलर चालत नाही, मग लोक तापाच्या सगळ्याच औषधांना घाबरतात. टाळायचं ते आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक ॲसिड, त्यांनी किडनीचा रक्तपुरवठा कमी होतो, आणि मूल उलट्या करत असेल, पाणी पीत नसेल तर जास्तच. पॅरासिटामॉल साधारण चालतं, किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, पण वजन सूज नसतानाचं धरायचं. आणि बाटली बघायची, कुठे 5 मिलीत 120 असतं कुठे 250, म्हणजे चमचा तोच पण डोस दुप्पट.

म्हटलं बाटली घ्या, मागचं वाचा. वाचता वाचता ती गप्पच झाली. शेजारणीने दिलेलं सिरप, पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन एकत्र, संध्याकाळी एक डोस देऊन झालेला! ज्याची भीती तेही गेलं, आणि खरंच नको ते सोबत गेलं. एका डोसाने आभाळ कोसळत नाही, पण डॉक्टरांना सांगा म्हटलं.

मग सहज बोलून गेली, "आज स्टेरॉईड नाही दिलं, तापात उष्ण पडतं ना." इथे मात्र माझ्या पोटात गोळा आला. रोज स्टेरॉईड घेणाऱ्या मुलाचं शरीर स्वतःचं स्टेरॉईड बनवायला विसरलेलं असतं, तापात तर गरज वाढते, ते अचानक बंद करायचं नाही, वाढवायचं का ते डॉक्टर ठरवतात.

"पोट दुखतंय का?" तिने हात लावला तर पोराने पाय वर घेतले, मला फोनवर रडणं ऐकू आलं. नेफ्रोटिकमध्ये ताप आणि पोटदुखी म्हणजे पोटातल्या पाण्याला इन्फेक्शनची शंका, सकाळची वाट बघायची नाही. 108 बोलावली, बांबोळीला मोठ्या सरकारी हॉस्पिटलात गेले, शिरेतून अँटिबायोटिक लागलं. चवथ वॉर्डातच झाली.

परवा आली होती. फ्रीजवर कागद लावलाय म्हणाली, वजन 13 किलो, डोस, डॉक्टरांचा नंबर. आजी मात्र ताप आला की आडसर, म्हणजे शहाळं, फोडून बसते. या पोराचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते दाखवणारी रक्ताची तपासणी, नॉर्मल आहे म्हणून थोडं चालतं, ज्यांची किडनीच कमी काम करते त्यांना त्यातलं पोटॅशियम महाग पडतं. आजीला तेवढं पटवायचं राहिलंय.