वाचकांचे प्रश्न : स्मार्टबोर्ड आला, पण पोरं इंग्रजी बोलेनात

प्रश्न : मी विद्यापीठात पहिल्या वर्षाला इंग्रजी शिकवते. वर्गात ६० जण, तास ५० मिनिटांचा. प्रोजेक्टर, स्मार्टबोर्ड, लँग्वेज लॅब सगळं आहे, मी पीपीटी करते, व्हिडिओ दाखवते, मोबाईलवर क्विझ घेते, पोरं खूश असतात, पण सेमिस्टर संपलं तरी चार वाक्यं सलग बोलत नाहीत. काय करू?

उत्तर : मॅडम, आधी साधा भागाकार करून बघा. तुम्ही स्वतः तोंड न उघडता पूर्ण तास पोरांना देऊन टाकला तरी ५० मिनिटं भागिले ६०, एकेकाच्या वाट्याला मिनिटभरसुद्धा येत नाही. आणि पीपीटी, व्हिडिओ, क्विझ या तिन्हीत पोरं काय करतात तर बघतात आणि बटण दाबतात, मग बोलणं येणार कुठून? क्विझ वाईट नाही हो, पाच मिनिटं घ्या, पण योग्य पर्याय ओळखता येणं वेगळं आणि ऐनवेळी वाक्य जुळवता येणं वेगळं.

तुमच्याकडचं सगळ्यात कामाचं यंत्र स्मार्टबोर्ड नाहीच, पोरांच्या खिशातला व्हॉइस रेकॉर्डर आहे. ४-३-२ नावाची एक जुनी पद्धत आहे, १९८३ पासून लिहिली जातेय, नंतर भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी ती बरीच पुढे नेली. एकच विषय, आधी एका जोडीदाराला ४ मिनिटांत सांगायचा, मग जोडीदार बदलून तेच ३ मिनिटांत, मग तिसऱ्याला २ मिनिटांत. विषय तोच असल्यामुळे काय बोलू हा प्रश्न दुसऱ्या फेरीपासून संपतो आणि सगळं लक्ष बोलण्यावर जातं. एकाच वेळी ३० जण बोलतायत, नंतर भूमिका बदला, म्हणजे त्याच तासात प्रत्येकजण ९ मिनिटं बोलला. गोंगाट होईल, शेजारच्या वर्गातून तक्रार येईल, येऊ दे.

आता यात फोन कुठे? पहिली आणि शेवटची फेरी रेकॉर्ड करायला लावा आणि घरी जाऊन स्वतःच्या बोलण्यातलं एक मिनिट जसंच्या तसं, अं-अं सकट, लिहून काढायला सांगा. हे काम पोरांना अजिबात आवडत नाही, स्वतःचा आवाज ऐकायला कुणालाच आवडत नाही, पण आपण काळ कुठे चुकवतो, कुठे अडतो हे तुम्ही दहादा सांगून जे कळत नाही ते इथे त्यांचं त्यांना दिसतं. ६० रेकॉर्डिंग ऐकत बसू नका, वेडे व्हाल. आठवड्याला दहा चिठ्ठ्या काढा, निघालेली नावं बाजूला ठेवत गेलात की सहा आठवड्यांत सगळ्यांची पाळी येते, आणि प्रत्येकाला अर्ध्या मिनिटाची व्हॉइस नोट पाठवा ज्यात दुरुस्ती एकच असेल. क्लासच्या ग्रुपवर कुणाचंही रेकॉर्डिंग टाकू नका, एकदा हसू झालं की ते पोरगं वर्षभर गप्प. सुरुवातीला मार्क फक्त जमा केल्याचे द्या. नेट सगळ्यांकडे सारखं नसतं, म्हणून लाईव्ह अ‍ॅपपेक्षा ऑफलाइन रेकॉर्ड करून नंतर पाठवणं बरं.

प्रश्न : माझं शिक्षण मातृभाषेत झालं, आता लेक्चर आणि पुस्तकं सगळं इंग्रजीत. कुठलं अ‍ॅप घेऊ?

उत्तर : अ‍ॅप नंतर, आधी यादी घे. अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अकॅडमिक वर्ड लिस्ट प्रसिद्ध केली, त्यात ५७० शब्दकुळं, म्हणजे एकाच मूळ शब्दापासून बनलेल्या शब्दांचे गट, आहेत आणि विद्यापीठातल्या वाचनातले साधारण १० टक्के शब्द त्यातलेच निघतात, त्यामुळे एवढी मेहनत फुकट जात नाही. अंकी नावाच्या अ‍ॅपमध्ये कार्ड बनव, ते विसरायच्या बेताला शब्द परत समोर आणतं, पण कार्डावर नुसता शब्द आणि अर्थ नको, तुझ्याच पुस्तकातलं पूर्ण वाक्य टाक. दुसऱ्यांची तयार कार्डं उतरवून घेऊ नकोस, ती लवकर कंटाळा आणतात. लेक्चरचा व्हिडिओ असेल तर पहिल्यांदा सबटायटलशिवाय, मग इंग्रजी सबटायटल लावून, मग परत बंद करून बघ. अगदीच डोक्यावरून गेलं तर वेग ०.७५ कर.

प्रश्न : सगळे निबंध आता चॅटजीपीटीने लिहिलेले येतात. पकडायला कुठलं सॉफ्टवेअर चांगलं?

उत्तर : माझ्या मते कुठलंच नाही. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी असे सात डिटेक्टर तपासले, तर इंग्रजी मातृभाषा नसलेल्या लोकांनी स्वतः लिहिलेले टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे निबंध निम्म्याहून जास्त वेळा एआयचे ठरले. साधी वाक्यं, मोजके शब्द, की मशीनला संशय. म्हणजे तुमच्याच प्रामाणिक पोरांवर आळ. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने तर स्वतःचा डिटेक्टर अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैमध्ये मागे घेतला.

पहिला मसुदा वर्गातच हाताने लिहून घ्या, २० मिनिटं पुरतात. मग घरी तो एआयला दाखवून सूचना घेऊ दे, पण कुठल्या तीन सूचना घेतल्या, कुठली एक नाकारली आणि का, हे सोबत लिहायचं. नाकारलेलीच जास्त वाचनीय असते, बघाच. आणि जमा करताना दोन मिनिटं तोंडी विचारा, या परिच्छेदात काय म्हणायचंय, हाच शब्द का घेतलास? ज्याने लिहिलंय तो चुकतमाकत का होईना सांगतो, आणि ज्याने नाही लिहिलं त्याला तिथेच बसवून तो परिच्छेद पुन्हा लिहायला द्या, शिक्षा वगैरे नको.