स्लॅबच्या काँक्रीटचं बिल फुगून आलंय, सगळं द्यावंच लागेल का?

प्रश्न : स्वतःचं घर बांधतोय. स्लॅब-बीमसाठी इंजिनिअरने ३० घनमीटर रेडीमिक्स (प्लांटवरून तयार येणारं काँक्रीट, म्हणजेच आरएमसी) लागेल असं सांगितलं होतं. आरएमसीवाल्याने व्हॉट्सअॅपवर एम-२५ ग्रेडच्या काँक्रीटचा दर पाठवला, मी होकार कळवला. सिक्युरिटी म्हणून त्यांनी सही केलेला कोरा चेक घेतला. आता बिल ३६ घनमीटरचं आलंय. त्यात गाडी थांबल्याचा वेटिंग चार्ज, जीएसटी आणि 'सिमेंट महागलं' म्हणून वाढवलेला दरही आहे. गाडीसोबत आलेल्या चलानांवर सेंट्रिंगच्या (स्लॅबच्या साच्याच्या) मुकादमाने सह्या केल्यात. पैसे लगेच न दिल्यास चेक बँकेत टाकू म्हणतात.

उत्तर : तुम्ही चेकचा उल्लेख शेवटी केलाय, मी मात्र तिथूनच सुरू करतो. बाकीचे वाद महिनाभर रेंगाळले तरी चालतात, चेकचा नाही. रक्कम न भरता सही करून दिलेल्या चेकवर समोरच्याला रक्कम लिहिता येते, असं कायदा धरून चालतो. तो न वटता परत गेला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली नोटीस येते आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर फौजदारी तक्रार होऊ शकते. बँकेला चेक थांबवायला सांगून ('स्टॉप पेमेंट') यातून आपोआप सुटका होत नाही. शिवाय चेक देणं फेडण्यासाठीच दिला होता असं न्यायालय आधी गृहीत धरतं. तसं नाही हे दाखवायचं ओझं तुमच्यावर.

म्हणून ज्या रकमेबद्दल तुमचा वाद नाही, ती आजच बँकेतून पाठवा आणि त्याच दिवशी लेखी कळवा की चेक एवढ्या रकमेपुरता आता लागू नाही. चेक दिल्यानंतर काही रक्कम फेडली गेली असेल आणि चेकवर तशी नोंद न करता पूर्ण रकमेसाठी तो टाकला, तर कलम १३८ चा गुन्हा होत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल आहे. तुमचा चेक कोरा असल्याने ते फक्त उरलेली रक्कम भरून तो टाकू शकतात, हे खरं. पण मग भांडण तेवढ्यापुरतंच उरतं.

आता ३६ घनमीटरचं. 'मी ३० च सांगितलं होतं' हा बचाव पुढे करू नका. माल विक्री कायदा, १९३० च्या कलम ३७ प्रमाणे ठरल्यापेक्षा जास्त आलेला माल तुम्ही नाकारू शकता, पण स्वीकारलात तर ठरलेल्या दराने पैसे द्यावे लागतात. आणि ओतलेलं काँक्रीट परत कसं करणार! तुमचा मुद्दा एकच असू शकतो : ३६ घनमीटर आलंच नाही. तो सिद्ध करण्याजोगा आहे, पण आधी स्वतःच्या बाजूने तपासा. १२५ मिमी ठरलेला स्लॅब १४० मिमी पडला असेल तर तेवढ्यानेच स्लॅबला १२ टक्के काँक्रीट जास्त लागतं. सेंट्रिंग फुगलं, पंपाच्या पाइपात माल राहिला, तर तोही खप तुमच्याच खाती. शेवटची गाडी फोन करून कोणी मागवली, हे मुकादमाला विचारा.

एवढं करूनही हिशेब जुळत नसेल तर प्लांटकडे प्रत्येक गाडीचा बॅच रिपोर्ट मागा. संगणकावर निघणाऱ्या त्या कागदात सिमेंट, वाळू, खडी, पाणी सगळ्यांची वजनं असतात. घनमीटरला साधारण २,४०० किलो धरा. ६ घनमीटरच्या गाडीत सुमारे १४.४ टन माल भरायला हवा. वजनं बारा टनांवरच अडकली असतील तर वकिलापेक्षा तो कागदच जास्त बोलेल. मुकादमाची सही गाडी आल्याचा पुरावा आहे. आत किती होतं याचा तो भक्कम पुरावा नव्हे, आणि चलानाच्या मागे छापलेल्या अटी तुम्ही मान्य केल्याचा तर नाहीच.

वेटिंग चार्ज आधी पाठवलेल्या कोटेशनमध्ये होता का, तेवढं बघा. असला तर चलानावरची गाडी पोचल्याची आणि रिकामी झाल्याची वेळ पाहा. पंप त्यांचाच होता आणि तोच उशिरा आला असेल तर त्याचा भुर्दंड तुम्हाला नाही. सिमेंट महागलं ही त्यांची अडचण; एकदा ठरलेला दर तुमच्या संमतीशिवाय बदलत नाही. जीएसटीचा मुद्दा मात्र ताणू नका. 'करासह' असं कुठे लिहिलेलं नसेल तर तिथे तुमची बाजू लंगडी आहे, आणि भांडण जिथे जिंकता येईल तिथेच करावं.

हे सगळे आक्षेप माल मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत लेखी पाठवा. आरएमसीवाला नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर एमएसएमईडी कायदा, २००६ खाली उशिराच्या पैशांवर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागू शकतो, आणि तुमचा लेखी आक्षेप वेळेत नसेल तर माल बिनतक्रार स्वीकारला असं धरलं जातं. फोनवरची बाचाबाची इथे मोजली जात नाही.

घर स्वतःला राहायला असल्याने तुम्ही ग्राहक आहात. तडजोड झाली नाही तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. वकील लावायची सक्ती नाही. व्हॉट्सअॅपवरचा दराचा मेसेज मात्र फोनमधून पुसू नका, नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. आणि प्लास्टरआधी इंजिनिअरकडून स्लॅबची जाडी चार-पाच ठिकाणी मोजून सही-तारखेसह लिहून घ्या. नंतर ती मोजायला स्लॅबला भोकं पाडावी लागतील.